ओढ्यापलीकडचा चहा

आमची नगरपालिका एवढीशी, की अध्यक्षांना शिंक आली तर शेवटच्या वॉर्डातून कुणीतरी विचारतं, "सर्दी झाली का?" ओढ्यापलीकडे दुसरी नगरपालिका, तीही एवढीशीच. कचरा मात्र दोघी ओढ्याच्याच काठावर जाळायच्या. वारा तिकडे वाहत असला की आम्ही पेटवायचं, इकडे फिरला की त्यांनी. आणि दोन्ही अध्यक्ष छातीठोकपणे सांगणार, "आमच्या कचऱ्याचा धूर आमच्या गावात येत नाही!"

पंचाईत झाली ती आमच्या मुकादमबाईंची. कचऱ्याला काडी लावायचं काम त्यांचं, आणि ओढ्यापलीकडे पहिलं घर त्यांच्या थोरल्या बहिणीचं. भावोजींना दमा. धूर सुटला की ते खिडक्या लावून घेत आणि धापा टाकत म्हणत, "मेहुणीबाईंचा आहेर आला!"

बाई हसून वेळ मारून न्यायच्या. पण एकदा भावोजींना दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला. दुसऱ्याच दिवशी बाईंनी काडेपेटी अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली.

"दुसरा मुकादम नेमीन!" अध्यक्ष गरजले.

"नेमा की. पण रविवारी माझ्या ताईकडे चहाला या. सगळेच या."

फुकटच्या चहाला नाही म्हणेल तो नगरसेवक कसला! अख्खी नगरपालिका ताईंच्या बैठकीच्या खोलीत मावली. ताईंनी त्यांच्या नगरपालिकेच्या अध्यक्षीणबाईंनाही बोलावलं होतं. भावोजी आतल्या खोलीत होते, दाराच्या फटीला ओला टॉवेल लावून.

चहा यायच्या आत बाईंनी खिडकी उघडली. पाठोपाठ धूर आत आला.

"कोण... कोण जाळतंय हे?" अध्यक्ष खोकत ओरडले.

"तुमचा नवा मुकादम, साहेब."

अध्यक्षीणबाई पदराआडून हसल्या. बाई त्यांच्याकडे वळल्या. "हसू नका, मॅडम. वारा फिरला की माझ्याकडे चहाला या. तुमचा धूर तिथे असाच पाहुणचार करतो."

मोठ्या महानगरपालिकेत या तक्रारीची फाईल टेबलं मोजत म्हातारी झाली असती. इथे सगळं सरकार एका खिडकीपाशी डोळे पुसत बसलं होतं. कचरा वेगळा करायची शेड एकेकट्या नगरपालिकेला परवडणारी नव्हती. दोघींनी मिळून बांधली. मुकादम एकच, आमच्या बाई.

परवा त्या ताईंकडे गेल्या, तर भावोजी सताड उघड्या खिडकीत पेपर वाचत बसलेले.

"काय हो मेहुणीबाई," ते म्हणाले, "हल्ली आहेर बंद केलात?"