चिकलठाण्यातून समुद्र सांभाळताना

आमच्या ऑफिसात फायलींपेक्षा किस्सेच जास्त साचतात. साचणारच! चिकलठाण्यात बसून आम्ही परदेशी समुद्रातल्या पवनचक्क्या सांभाळतो. समुद्र इथं औषधालाही नाही. मेव्हणा अजून विचारतो, "दाजी, खरं सांगा, करता काय तुम्ही?"

*

काम असं, की पाच-सहा कंपन्यांनी आपापल्या बिघाडांच्या नोंदी एका सामायिक साठ्यात ठेवल्यात. एकीचा गिअरबॉक्स कुरकुरला, की त्यावरून दुसरीला आधीच सावध करायचं. म्हणजे बोट आणि मेकॅनिक वेळेत निघतात.

आणि मी? माझ्या टिपणांच्या एक्सेलला पासवर्ड! एकदा आमच्या साहेबांनी, काळे सरांनी पकडलं. "दुनियेला डेटा वाटा म्हणतोस, अन् तुझी फाईल कुलपात व्हय रे?" झक मारत सगळी टिपणं त्या साठ्यात टाकली.

*

मग पल्लवी आली. पडेगावहून स्कूटीवर येते, मला आठ वर्षांनी ज्युनिअर. एका कंपनीची जुनी नोंद बघून दुसरीचं बेअरिंग जाणार, हे तिनं वादळाआधी ओळखलं. तिकडून कौतुकाची मेल आली. सरांनी ती छापून वॉटर कूलरवर चिकटवली.

त्या दिवसापासून मी घरून बाटली नेतो. जळतो मी तिच्यावर, त्यात लपवायचं काय!

*

तिनं पेढे आणले. मी थाप मारली, "शुगर निघालीय गं मला." झालं! तेव्हापासून दिवाळीतसुद्धा माझ्या वाट्याला खारे शेंगदाणे. वर ती रोज विचारते, "दादा, गोळी घेतली का?"

*

परवा तर हद्दच झाली. आमच्यातल्या एकाला तिकडं समुद्रावर पाठवायचं होतं. बारा वर्षं स्क्रीनवर बघतोय मी त्या पवनचक्क्या. एकदा तरी बोटीतून मान वर करून बघायच्या होत्या.

सर मीटिंगमध्ये म्हणाले, "सगळ्यात जास्त कामी आलेलं टिपण कंपन्यांनी निवडलंय. ज्याचं असंल तो जाईल."

साठ्यात नावं काढून फक्त नंबर ठेवतात, भाषाही सगळ्यांची एका साच्यात घालतात. टिपण पडद्यावर आलं. पल्लवी म्हणाली, "लई भारी लिहिलंय!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हिचंच असणार, वर स्वतःचंच कौतुक!

मी उठलो. वीस मिनिटं त्या टिपणाची एकेक ओळ फाडली. "लिहिणाऱ्याला गिअरबॉक्समधलं ओ की ठो कळत नाय. याला पाठवण्यात काहीच अर्थ नाय, सर!"

सरांनी नंबर टाकून नाव काढलं. पडद्यावर माझंच नाव! सर पल्लवीकडं वळले.

"पल्लवी, पासपोर्ट आहे ना गं तुझा?"