पहिला घोट

चर्चच्या पाळकाच्या बायकोला मंडळी पगार देत नाही, कामं मात्र भरपूर देते. संडे स्कूल घ्या, बाळंतिणीला भेटून या, मयताच्या घरी चहा करा, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस, असलं की शनिवारी काळ्या मनुका भिजवा, उकळा, कुस्करा आणि फडक्यातून गाळा. परतूरजवळच्या आष्टीच्या पुढं ज्या खेड्यात आमच्या साहेबांची, म्हणजे माझ्या पाळक नवऱ्याची, नेमणूक होती, तिथं द्राक्षारस म्हणजे हाच मनुकांचा रस. मी त्यात चिमूटभर गूळ टाकायची. तो कुठल्या शास्त्रात बसतो हे मी कुणाला विचारलं नाही.

प्याला एकच होता, पितळी, वर चांदीचा मुलामा दिलेला. लोक सतरंजीवरून ओळीनं उठायचे, मेजापुढं गुडघे टेकायचे, आधी पुरुष आणि मग बाया, आणि साहेब तो प्याला एकेकाच्या ओठाला लावत पुढं सरकायचे. प्रत्येकानंतर पांढऱ्या रुमालानं काठ पुसायचा, प्याला जरासा फिरवायचा. कोरोनानंतर शहरातल्या चर्चांनी ज्याचा त्याला प्लास्टिकचा इवलासा कप द्यायला सुरुवात केली. आमच्या मंडळीनं ते धुडकावून लावलं. सगळ्यांनी एका प्याल्यातून प्यायचं हीच आमची शान, असं ते सांगायचे.

या शानीचे मालक म्हणजे मंडळीचे मोठे पंच. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणत. चर्चच्या वाढदिवसाला दरवर्षी ते एक गोष्ट सांगायचे. त्यांच्या आजाला गावच्या हॉटेलात आत जाता येत नव्हतं. त्याचा टवका उडालेला कप बाहेर वळचणीला खिळ्याला टांगलेला असायचा. हॉटेलवाला वरूनच चहा ओतायचा, आजानं तो उकिडवं बसून प्यायचा, कप आपणच विसळायचा आणि पुन्हा खिळ्याला अडकवायचा. गोष्ट इथं आली की गुरुजींचा आवाज चिरकायचा. मग ते मेजाकडं हात करून म्हणायचे की प्रभूनं आम्हाला त्या खिळ्यावरून काढून या मेजावर बसवलं. सगळी मंडळी रडायची. मीही रडायची, कारण गोष्ट खरी होती.

मंडळीत एक विधवा होती. पस्तिशीची, कापूस वेचायला आणि खुरपायला जाणारी. नवरा ट्रकवर ड्रायव्हर होता, तो वारल्याला चार-पाच वर्षं झालेली. एक मुलगी, आठवीतली. बाईचा आवाज मोठा आणि सूर बेताचा, त्यामुळे गाण्यात ती कायम सगळ्यांच्या वर ऐकू यायची. तिला मध्येच आजारपण आलं, हाडांचा सापळा झाली, आणि मग हळूहळू अंग धरायला लागली.

त्या सुमारास आमच्या साहेबांनी उपदेशाचा धडाका लावला होता. लपवू नका, उजेडात या, देवाच्या घरात खरं बोलायला भिऊ नका. मी त्यांना घरी सांगितलंही होतं की जरा बेतानं, लोक ऐकतात. त्यांना वाटलं मी कौतुक करते आहे.

उपासनेत साक्ष द्यायची वेळ असते. ज्याला देवानं काही दिलं त्यानं उभं राहून सांगायचं. एरवी लोक म्हैस व्याल्याचं सांगतात, पोराला नोकरी लागल्याचं सांगतात. त्या रविवारी ती उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "मला एचआयव्ही हाय. नवऱ्यापासून आला. जालन्याच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या घेऊन राह्यले, बराबर दोन वर्सं झाली. मी मरून गेल्ते. देवानं परत उभी केली, त्याचे आभार." आणि खाली बसली. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मला तिला तिथंच जवळ घ्यावंसं वाटलं.

कुणी आमेन म्हटलं नाही. गुरुजींनी घाईघाईनं एक गीत सुरू केलं, तेही चुकीच्या पट्टीत, आणि सगळ्यांनी ते मोठ्यानं म्हटलं. साक्षीची वेळ लोक खरं बोलायला वापरत नाहीत, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. आमच्या साहेबांनी तर उलटंच शिकवलं होतं.

पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी गुरुजी घरी आले. पिशवीतून त्यांनी एक नवा कोरा स्टीलचा पेला काढला. आष्टीच्या बाजारातून आणलेला, खालचं चिकटलेलं लेबलही तसंच. तो टेबलावर ठेवून ते म्हणाले, "तिला यातून द्या साहेब. प्रभू तोच, रस तोच. फक्त पेला निराळा." मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. त्या तोंडावर काहीही नव्हतं. दर वर्षी ज्या माणसाचा आवाज चिरकतो तो हाच, याची मला खूण पटेना.

साहेबांनी समजावलं. एड्स असा उष्ट्यानं पसरत नाही, पाहिजे तर डॉक्टरांना विचारू. गुरुजी म्हणाले की डॉक्टर काही आपल्या पंगतीत जेवायला येत नाही. मंडळी फुटेल, लोक यायचे बंद होतील, मग उपदेश भिंतींना करा. एवढं बोलून ते चहा पिऊन गेले. पेला राहिला.

आणि दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला त्या पेल्यातून दिलं. सगळ्यांचं झाल्यावर, शेवटी. तिनं तो दोन्ही हातांत धरला, प्यायली, आणि काय झालं कुणास ठाऊक, कोपऱ्यातल्या माठाजवळ जाऊन तो स्वतः विसळून परत आणून ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं. मी गुरुजींकडं पाहिलं. ते डोळे मिटून प्रार्थना करत होते.

घरी आल्यावर मी साहेबांना विचारलं की तुम्ही मेंढपाळ आहात की मेंढरू. फार टोचून विचारलं, आणि टोचावं म्हणूनच विचारलं.  तो महिना आमच्या घरात भाकरी आणि मौन एवढंच होतं. मधल्या काळात ते जालन्याला जाऊन दवाखान्यातल्या डॉक्टरांना भेटून आले, रविवारी सगळ्यांपुढं सांगितलं की प्याल्यातून हा आजार होत नाही. लोकांनी माना डोलावल्या. आमचे लोक मान फार छान डोलावतात.

पुढच्या महिन्यात मेजावर स्टीलचा पेला नव्हता. साहेबांनी तो घरीच ठेवला होता, मला न सांगता. भाकर मोडून झाली. पुरुषांची पहिली ओळ उठायला लागली, तर त्यांनी हातानं थांबवलं, सरळ बायांच्या बाजूला गेले, मागच्या भिंतीशी बसलेल्या तिला हात धरून उठवलं आणि सगळ्यांच्या पुढं मेजाशी आणून गुडघ्यावर बसवलं. तिनं नको म्हणून मान हलवली. त्यांना ती नम्रता वाटली. मलाही तसंच वाटलं. त्यांनी मोठ्या आवाजात सांगितलं की या मेजावर आज पहिला घोट हिचा. प्याला तिच्या ओठाला लावला. रुमालानं काठ पुसला नाही.

मी उठून तिच्या शेजारी गुडघे टेकले आणि प्यायले. लोक त्याला माझी श्रद्धा म्हणतील. खरं सांगायचं तर मी संतापानं प्यायले. गुरुजींच्या नाकावर टिच्चून प्यायले.

मग साहेब वळले आणि प्याला घेऊन पुरुषांच्या ओळीकडं गेले. पहिल्यानं ओठ घट्ट मिटून काठ नुसता टेकवून घेतला. दुसऱ्यानं मान फिरवली. तिसऱ्यापुढं साहेब उभे राहिले तर तो सतरंजीवरून उठून चपला शोधायला गेला. गुरुजी जागचे हललेच नाहीत. त्यांनी तोंडावर हात ठेवला होता, लहान मूल औषधाला ठेवतं तसा. बाया पदर तोंडाला लावून बाहेर पडल्या. उरलेला रस पाळकानंच संपवायचा असतो. साहेबांनी रिकाम्या सतरंज्यांकडं तोंड करून तो प्याला संपवला. पाऊल मागं घेतलं नाही. लग्नानंतर इतक्या वर्षांत मला त्यांचा तेवढा अभिमान कधी वाटला नव्हता. आजही वाटतो, आणि तेच मला जड जातं.

तक्रार वर गेली. सहाएक महिन्यांत आमची बदली जालन्याला झाली, चर्चच्या ऑफिसच्या कामावर. तिथल्या मस्तगड भागात दोन खोल्या घेतल्या. शिक्षाच होती ती, पण आतल्या आत लोक साहेबांना मानू लागले. तरुण पाळकांच्या शिबिरांना त्यांना बोलावणी यायला लागली. विषय ठरलेला, धैर्यानं आणि विश्वासानं पुढारपण कसं करावं. तिथं ते प्याल्याची गोष्ट सांगायचे. पहिल्या घोटाशी आले की त्यांचा आवाज चिरकायचा. मी दोनदा मागच्या बाकावर बसून ऐकली, मग जायचं सोडलं.

गोळ्या घ्यायला ती जालन्याला येतेच. एकदा दुपारी पत्ता विचारत घरी आली. बरी दिसत होती, फक्त केस फार पिकले होते. मी चहा केला. साहेब घरी होते, दुसऱ्या दिवशीच्या शिबिराची तयारी करत होते. त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी तिथल्या तिथं तिला गळ घातली, उद्या माझ्यासोबत चल, त्या पोरांना तुझी साक्ष ऐकव.

तिनं बशीतला चहा संपवला. मग सांगितलं, कुरकुर न करता, दुसऱ्याच्या घरचं सांगावं तसं. त्या रविवारपर्यंत तिच्या आजाराचं मंडळीच्या लोकांनाच माहीत होतं, आणि घरातली अब्रू म्हणून ते गावात बोलत नव्हते. त्या रविवारी चपला घालून निघालेली माणसं पारावर जाऊन बसली आणि आपण का निघालो ते सांगत सुटली. दिवाळीच्या आत गावभर झालं. वेचणीला बोलावणं बंद. गिरणीवाला तिचं दळण शेवटी घेतो आणि मग गिरणी पुसल्याचं नाटक करतो. पोरीच्या बाकावर कुणी बसेना, तिनं शाळा सोडली. चर्चमध्ये आता ती जात नाही. जायला कुणी मना केलेलं नाही.

साहेब म्हणाले, "पण मी तुला पहिला मान दिला."

ती म्हणाली, "साहेब, मला पहिला न्हाई पायजे होता. स्टीलच्या पेल्यात शेवटचाबी न्हाई. बायांच्या ओळीत मधी कुठंतरी पायजे होता, कुणाच्या ध्यानात न येईल असा. तुमी मला इचारलंच न्हाई."

 आमच्यापैकी कुणी तिला विचारलं नव्हतं. गुरुजींनी तिच्या पाठीमागं ठरवलं, साहेबांनी तिच्या भल्यासाठी ठरवलं, आणि मी संतापाच्या भरात ठरवलं. लोकाच्या काठीनं विंचू मारणं म्हणतात ते हेच. विंचू मेलाही नाही आणि काठी मोडली. मी तिला परतूरच्या बसपर्यंत सोडायला गेले. रस्त्यात तिनं मला मनुकांच्या रसात गूळ असायचा का ते विचारलं. मी हो म्हटलं. तिला वाटलंच होतं, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साहेब शिबिराला गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा चेहरा उजळलेला होता. प्याल्याची गोष्ट सांगितली, कितीतरी पोरं रडली, दोघांनी तर पाय धरले, असं कौतुकानं सांगत होते. मी ताट वाढत होते. मी विचारलं, काल ती काय म्हणाली ते सांगितलंत का.

"वेळ कमी होता," ते म्हणाले आणि भाकरी मोडायला लागले.