पेलाभर पाणी

आमच्या बडनेऱ्याच्या घरी स्वयंपाकाला येणारी बाई भांड्यांशी बोलायची. दुधात पळी बुडवून उंच धरायची आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत बघत राहायची. मग पातेल्याला विचारायची, "काहून वं, आज म्हैस पोहून आली काय?"

म्हैस कोरडीच होती, हे आज सूनबाईंसाठी लिहून देतो. डॉक्टरांनी मला दूध बंद केलं होतं. दुपारी घर निजलं की मी पेलाभर दूध प्यायचो आणि तेवढंच पाणी ओतून ठेवायचो. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेलं; माप कधी चुकलं नाही. ती बिचारी मग तांदूळ वाटून खिरीला लावायची. खिरीचं कौतुक सगळ्यांत मोठ्यानं मी करायचो.

एके दिवशी पातळ दूध पाहून सूनबाईंनी तिला विचारलंच, "मावशी, दूध तुम्ही पिता का?"

बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी पेपरात तोंड घातलं. मोर्शीच्या संत्र्यांची बातमी त्या दिवशी फार महत्त्वाची होती.

"उद्यापासून येऊ नका," सूनबाई म्हणाल्या.

बाईनं वाद घातला नाही. दाराशी चपला घालताना मला हळूच म्हणाली, "आबाजी, आता पानी अर्धाच पेला टाकत जा. नव्या बाईले तांदूळ लावनं जमन का नाई, काय सांगाव?"

मी "बरं" म्हणालो, आणि दुसऱ्या दिवसापासून अर्धाच पेला टाकू लागलो.