आठव्या जागेचं भांडण

आमच्या मावशीला राग येतो, असं म्हणणं बरोबर नाही. राग तिच्याकडे राहायलाच असतो. अधूनमधून पाय मोकळे करायला बाहेर पडतो, एवढंच. शेजारी, भाजीवाला, बँकेतली काचेपलीकडची मुलगी, सगळ्यांना त्याची ओळख आहे. पण त्याचं खरं रूप बघायचं असेल, तर मावशीसमोर पुरुषांच्या टेनिसचा विषय काढावा आणि दाराजवळची खुर्ची पकडून बसावं.

टेनिस घरात आणलं काकांनी. शेवटच्या आजारपणात त्यांना टीव्हीवरची आरडाओरड सहन होईना. टेनिसवाले बिचारे चेंडू खेळात असताना गप्प बसतात, म्हणून ते टेनिस बघायचे. तेव्हा एक नवा पोरगा उगवला होता. काका म्हणाले, "हा काही टिकायचा नाही." काकांनी पूर्व म्हटलं की पश्चिम म्हणायचं हा मावशीच्या संसाराचा पाया. त्या दिवसापासून तो पोरगा तिचा झाला. काका गेले. पोरगा टिकला, इतका टिकला की आता सगळं जग त्याला म्हातारा म्हणतं. मावशी मात्र 'आमचा माणूस' म्हणते, आणि असं म्हणते की नवख्याला वाटावं, तो आत अंघोळ करतोय.

मावशी गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापते. या धंद्यात कापणाऱ्याला मास्तर म्हणतात. बाई असली म्हणून काय झालं, मावशी तिथं मास्तरच. लांबलचक टेबलावर कापडाचे थरावर थर अंथरायचे, वर पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून खडूनं आखायचं आणि उभ्या पात्याचं मशीन हातानं रेटत त्या रेषेवरून न्यायचं. एका फेरीत सगळे थर कापले जातात, त्यामुळे हात चुकला तर एकट्यादुकट्याचा शर्ट बिघडत नाही, अख्ख्या इस्पितळाचा बिघडतो. मी त्याच कारखान्याचा टेम्पो चालवतो. तयार माल पोचवायचा, नवे तागे आणायचे, आणि मधल्या वेळात मावशीचा भाचा असल्याचे परिणाम भोगायचे.

कारखान्यात टेनिसचा दुसरा शहाणा म्हणजे इस्त्रीवाला. खिडकीशी त्याचं टेबल, पलीकडे मावशीचं. मधल्या जागेत जी लढाई चालायची तिला तोड नाही. इस्त्रीवाल्यानं एका नव्या, लांब तंगड्यांच्या खेळाडूवर जीव लावला होता. मावशीनं त्याचं नाव शिंगरू ठेवलं. इस्त्रीवाल्याला ते आधी झोंबलं, मग आवडलं, आणि पुढे तोही शिंगरूच म्हणायला लागला.

यंदा प्रकरण पेटलं ते आठव्या जागेवरून. वर्षाच्या शेवटी वर्षभरात सर्वांत जास्त गुण मिळवणारे आठच जण शेवटच्या मोठ्या स्पर्धेत खेळतात. नववा राखीव. आठांतला कुणी कोलमडला तर नवव्याचं नशीब उघडतं. नाहीतर टाळ्या वाजवायच्या. म्हातारा होता आठवा, शिंगरू नववा, आणि उरली होती एकच स्पर्धा.

"मास्तर, तुमचा म्हातारा उन्हाळ्यातल्या गुणांवर जगतोय," इस्त्रीवाला वाफ सोडत म्हणाला. "गेल्या तीन स्पर्धांत पहिल्याच फेरीत गार. जरा फॉर्म बघा, फॉर्म!"

"फॉर्म म्हणजे काय दूध आहे का, सकाळी ताजं नि संध्याकाळी नासलं?" मावशीचं मशीन चालूच. "उन्हाळ्यात तुझा शिंगरू कुठं चरत होता? तेव्हा जिंकायचं होतं."

"मिळवले गुण, मान्य. पण आता अंगात दम नाही, तर नुसती जागा अडवून काय बसायचं? ज्याला झेपत नाही त्यानं बाजूला व्हावं. पोरं किती दिवस राखीव राहणार?"

त्याच्या मनात टेनिसशिवाय काही नव्हतं. माणूस तसा भोळा. त्याच्या बोलण्याला दुसरी बाजू नसते, पहिलीच फार लांब असते. पण मावशीच्या शेजारी तिचीच शिष्या उभी होती. तिला आम्ही धाकटी म्हणतो. काम शिकून तयार झालेली, हात सफाईदार, फक्त मशीन मिळायचं बाकी. आणि मावशीचा उजवा खांदा दोन महिन्यांपासून धरला होता. हे घरात मला माहीत होतं, कारण डब्यांची झाकणं मी उघडत होतो आणि मलम मी चोळत होतो. कारखान्यात कुणाला पत्ता नव्हता. तिथं ज्याचा हात किंवा डोळा काम देईनासा होतो त्याला धागे कापायच्या बाकावर बसवतात. तात्पुरतं म्हणून. आमच्या कारखान्यातले काजं-बटणं करणारे आजोबा असेच तात्पुरते बसले आणि तिथूनच घरी गेले. शिवलेल्या कपड्यांची लोंबणारी टोकं चिमुकल्या कात्रीनं तोडत दिवस काढायचा. मावशी त्या बाकाकडे स्मशानाकडे बघावं तसं बघायची.

"बाजूला व्हावं?" मावशी कडाडली. "तू हो बाजूला! तुझ्या शिंगराला..."

आणि खांदा अडकला. मी दारात तागा घेऊन उभा होतो, मला दिसलं. कोपर वर जाईना, मशीन मात्र पुढे गेलं. गळ्याची गोलाई सोडून पातं सरळ शर्टाच्या खांद्यात घुसलं. सगळे थर. वरपासून खालपर्यंत.

मशीन बंद झालं. मालकीणबाई आतून धावत आल्या. कापडाकडे बघितलं, मग मावशीकडे.

"मास्तर, हे काय?"

मावशीनं क्षणभर धाकटीकडे पाहिलं. मग बोट इस्त्रीवाल्याकडे गेलं. "याच्या बडबडीनं! सकाळपासून कानाशी भुंगा! माणसानं काम करायचं कसं?"

इस्त्रीवाल्याचं तोंड उघडं राहिलं. इस्त्री तेवढी वाफ सोडत राहिली.

मालकीणबाईंना टेनिसमधलं ओ की ठो कळत नाही, पण वाया गेलेलं कापड कळतं. हुकूम सुटला: कारखान्यात टेनिसचं नाव नको, मोबाइल दारातल्या खोक्यात, आणि इस्त्रीचं टेबल मागच्या कोठीत. कोठीला खिडकी नाही. तिथं पुठ्ठ्याची खोकी, तुटकी शिलाई मशीनं आणि आता एक इस्त्रीवाला. तासाभरात त्याचा शर्ट पाठीला चिकटला. मी खोकी उचलायला गेलो तर तो म्हणाला, "मी काही चुकीचं बोललो का रे? आठवाच आहे ना तो?"

मी खोकी उचलून निघालो. घरी मात्र विषय काढला.

"मावशी, तो बिचारा कोठीत उकडतोय. खांद्याचं सांगून टाक की..."

"खांद्याचं नाव काढलंस तर उद्यापासून डबा बंद."

"पण चूक तर..."

"त्याला कुणी सांगितलं होतं फॉर्मच्या गोष्टी करायला? गप्प मलम लाव. आणि जरा जोर लाव! तुझ्या हाताला काय शिंगरू चावलंय?"

माझ्या एक लक्षात आलं. ज्याच्यावर अन्याय झाला तो नुसता उकडत होता. जिनं अन्याय केला ती पेटली होती. भाजीत मीठ जास्त पडलं तरी इस्त्रीवाल्याचा उद्धार, दाराची कडी अडकली तरी त्याचाच. त्या आठवड्यात गुणांची ती एकच उरलेली स्पर्धा होती. म्हातारा पहिल्याच फेरीत पडला. आता शिंगरू उपांत्य फेरीत पोचला तर आठवी जागा त्याची. एरवी अशा आठवड्यात कारखान्याचं छप्पर उडालं असतं. यंदा नुसती शिलाई मशीनं खडखडत होती. मीच टेम्पो सोडून निरोप्या झालो.

"मास्तरांना जाऊन सांग, शिंगरूनं सामना मारला," रात्री घरी सामना बघून आलेला इस्त्रीवाला कोठीतून कुजबुजायचा. मी मावशीच्या कानाशी.

"त्याला सांग, अजून एक बाकी आहे. नाचू नकोस म्हणावं."

तो 'एक बाकी' शिंगरू हरला. म्हातारा आठवा राहिला. मी बातमी घेऊन कोठीत गेलो. इस्त्रीवाला पँटची घडी घालत होता. मला वाटलं, आता फॉर्म, नशीब, चेंडूचा वेग, जाळ्याची उंची, सगळं येणार. तो एवढंच म्हणाला, "बरं झालं. मास्तरांना आनंद होईल." मी मावशीला जाऊन तसंच्या तसं सांगितलं.

"टोमणा मारला का त्यानं?"

"नाही."

"एकपण नाही?"

"नाही."

"शिष्ट मेला," मावशी म्हणाली आणि त्या दिवशी डब्यातलं अर्धं तसंच परत आणलं.

रविवारी संध्याकाळी म्हाताऱ्याचा आठ जणांच्या त्या मोठ्या स्पर्धेतला पहिला सामना होता. मावशीनं खांद्यामागे उशी घेतली, मला चहा करायला लावला, तो फिका झाला म्हणून दोन शब्द सुनावले आणि टीव्ही लावला. पहिला सेट म्हाताऱ्यानं घालवला. पाय हलतच नव्हते. "गरम होतोय अजून," मावशी म्हणाली. दुसऱ्या सेटच्या सुरुवातीला सर्व्हिस करताना तो वाकला तो सरळ होईना. शर्टाखालून पाठीवरची पट्टी दिसली, चांगली कमरेपासून वरपर्यंत. तो पंचाकडे गेला, काहीतरी बोलला आणि जाळ्यापाशी जाऊन समोरच्याच्या हातात हात दिला. संपलं. स्पर्धेतूनच माघार.

नंतर पत्रकारांसमोर बसून तो म्हणाला, की पाठ दोन महिने दुखत होती. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, बाजूला हो.

मला वाटलं मावशी रडेल. ती उठून उभी राहिली.

"दोन महिने?" ती टीव्हीवर ओरडली. "दोन महिने लपवलंस? आणि आम्ही इथं तुझ्यासाठी गळे काढले! माणसं तोडली! सांगायला काय झालं होतं रे? जीभ पण धरली होती का? तिकडे तो राखीव पोरगा बूट घालून ताटकळत बसला, आणि हा पट्ट्या बांधून फसवतोय! खोटारडा! नालायक!"

मी मलमाची डबी हातात धरून उभा होतो. खरंच सांगतो, मी काही केलं नाही. नुसतं बघितलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" मावशी म्हणाली.

"मी कुठं..."

"बघतोयस तू!"

टीव्ही बंद झाला. मलम न लावताच ती झोपायला गेली.

सोमवारी ती कारखान्यात माझ्याआधी पोचली. मी टेम्पो लावून आत गेलो तेव्हा ती मालकीणबाईंच्या टेबलासमोर उभी होती आणि सगळी मशीनं थांबली होती. माफी मागताना माणसाचा आवाज खाली येतो, असं ऐकून होतो. मावशीचा रस्त्यापर्यंत जात होता.

"ते शर्ट माझ्या खांद्यानं बिघडले. बडबडीनं नाही. खांदा धरलाय माझा, दोन महिने झाले. कळलं? आता काय करायचं ते करा. पण आधी त्या माणसाचं टेबल खिडकीत आणा."

"मास्तर, मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" मालकीणबाईंनी विचारलं.

"तेव्हा सांगितलं असतं तर त्या बाकावर बसवलं असतंत!"

"आणि आता?"

मालकीणबाईंनी धाकटीला मशीनवर उभं राहायला सांगितलं. मावशीनं आधी डॉक्टरला खांदा दाखवायचा, आणि बरं होईपर्यंत बाकावर. "तात्पुरतं," मालकीणबाई म्हणाल्या, आणि तो शब्द ऐकून कुणी कुणाकडे बघेना.

इस्त्रीवाला कोठीच्या दारात येऊन उभा होता. मावशी त्याच्यापुढे गेली.

"तुझी चूक नव्हती," ती म्हणाली. "पण तू बोलतोस फार, ते खरंच आहे."

"खरं आहे, मास्तर."

"मग कमी बोल."

"बघतो."

मी आणि इस्त्रीवाल्यानं टेबल उचललं. मावशी पुढे चालत हुकूम सोडत होती: डावीकडे घ्या, पाय आपटेल, अरे डोळे आहेत का बटणं लावलीत! खिडकीशी टेबल टेकलं तसा इस्त्रीवाल्यानं घाम पुसला आणि खिडकी सताड उघडली.

"उद्या शिंगरू उतरतोय, मास्तर. तुमच्या माणसाच्या जागी."

"उतरू दे. आयत्या जागेवर कुणीही उतरेल. जिंकून दाखव म्हणावं."

"आणि तुमचा पुढच्या वर्षी खेळणार का?"

"का नाही खेळणार? जानेवारीत सगळ्यांचे गुण शून्य. तुझ्या शिंगराचेही."

"पण वय, मास्तर. पाठ बघा, वय बघा..."

"तुला आत्ताच काय सांगितलं? कमी बोल!"

मग ती बाकाकडे गेली, बसली, मांडीवर शर्टांचा गठ्ठा ओढला आणि डाव्या हातानं धागे तोडायला लागली. चार शर्ट झाले असतील नसतील, तिची मान वर झाली. पलीकडे धाकटी मशीन चालवत होती, आणि चांगली चालवत होती. मावशी रागारागानं बघत राहिली, मग ओरडली, "कोपर वर! कोपर आत्तापासून वर ठेवायची सवय लाव, नाहीतर माझ्यासारखी येशील इथं बसायला!"

धाकटीनं कोपर वर केलं.