सुनेच्या सलाईनचं चाक

नवीन काही शिकून आलेल्या डॉक्टरपासून लोकांनी थोडं लांबच राहावं. आयसीयूतल्या पेशंटला अँटिबायोटिक किती आणि कसं द्यावं यावरची कार्यशाळा करून मी बोईसरला परतलो, तेव्हा आमच्या छोट्या हॉस्पिटलातल्या सिस्टर मला लांबून पाहूनच औषधांच्या खोलीत शिरायला लागल्या. बायकोनं जेवताना हा विषय काढायला बंदी घातली.

विषय मात्र माझ्या मते फार सुंदर होता. तरुण माणसाला मोठा जंतुसंसर्ग झाला की कधीकधी त्याच्या किडन्या नेहमीपेक्षा जोरात काम करतात आणि दिलेलं औषध बघता बघता लघवीवाटे बाहेर टाकतात. कागदावर डोस बरोबर, रक्तात खडखडाट. अशा वेळी डोस तर वाढवायचाच, पण काही औषधं सलाईनमधून तीन-चार तास सावकाश सोडायची, म्हणजे जंतूंना उसंत मिळत नाही. हे मी ज्याला त्याला ऐकवत होतो. आमच्या हॉस्पिटलसमोरच्या चहावाल्यालाही थोडंफार माहीत झालं असावं.

आणि नेमकी तशीच पेशंट आली. सालवडला राहणारी, पॅकिंगच्या कामाला जाणारी तरुण मुलगी. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया, श्वासाला मशीन, लघवी भरपूर. मला आधी तिची काळजी वाटायला हवी होती. मला आधी कार्यशाळा आठवली. तिचा नवरा घाबरून मुका झाला होता. सासू आमच्याच किनाऱ्यावरच्या माहीमची, बाजारात मासळी विकणारी, भरदार आवाजाची बाई, पण आमच्याकडे आल्यापासून तिचाही आवाज खाली आला होता. दोघांना समोर बसवून मी सगळं शास्त्र सांगितलं. नवरा माना डोलवत होता, सासू माझ्या बुटांकडे बघत होती. छान समजलं यांना, असं मी मनात म्हटलं.

ठरावीक वेगानं औषध सोडणारे पंप आमच्याकडे मोजकेच, आणि ते तिच्याच रक्तदाब टिकवायच्या आणि झोपेच्या औषधांना लागले होते. त्यामुळे अँटिबायोटिक साध्या सलाईनच्या नळीतून, नळीवरच्या छोट्या चाकानं थेंब जुळवून सोडायचं ठरलं. सिस्टर थेंब मोजून लावायच्या. तरी संध्याकाळची बाटली दरवेळी लवकर रिकामी व्हायची. ताप हटत नव्हता, रक्तदाबाचं औषध वाढवावं लागत होतं. मी सिस्टरांवर तोंड सोडलं.

"सर, मी नीटच लावलं होतं," संध्याकाळच्या पाळीची सिस्टर म्हणाली.

"मग बाटली काय जंतूंनी प्यायली?"

मी तावातावानं एक चिठ्ठी लिहून स्टँडवर चिकटवली, 'डू नॉट टच'. इंग्रजीत.

तेवढ्यात नवऱ्याला वाचा फुटली. "तेच ते औषध देता तुम्ही. आम्ही मुंबईला नेतो." ॲम्ब्युलन्समध्ये ती मुंबईपर्यंत तग धरेल असं मला वाटत नव्हतं. त्याच्याकडून मी उद्यापर्यंतची मुदत मागून घेतली. मग मलाही शंका यायला लागली. जंतू चिवट असेल, आता शेवटचं राखून ठेवलेलं, किडन्यांना जड जाणारं औषधच काढावं, असं मी जवळजवळ ठरवलं होतं.

त्या संध्याकाळी भेटीच्या वेळी मी कोपऱ्यात एक्स-रे बघत उभा होतो. सासू आली. सुनेच्या कपाळावरून हात फिरवला, इकडेतिकडे पाहिलं आणि अंगठ्यानं नळीवरचं चाक वर सरकवलं. थेंबांची धारच लागली.

"मावशी!" मी एवढ्या जोरात ओरडलो की शेजारचा पेशंट दचकला.

"थेंब थेंब पडतंय ओ, डॉक्टर," ती न घाबरता म्हणाली. "पोरीचं अंग भाजतंय. औषद लवकर नको जायला? तुमच्या पोरी बिचाऱ्या कामात असतात, त्यांच्या ध्यानात नाय येत."

"अहो, मुद्दाम हळू सोडलंय! सांगितलं होतं ना मी सगळं?"

"तुमी इंग्रजीत बोलत होता. मला वाटलं, सहीचं काय तरी हाय."

मी पुन्हा किडनीपासून सुरुवात केली. तिनं मध्येच थांबवलं. "म्हंजे हळू गेलं तर जास्त लागू पडतं?"

"हो."

"मग एवढंच सांगायचं होतं."

औषध मी बदललं नाही. सिस्टरची माफी मागितली, आणि ती तिनं लगेच दिली नाही, हे बरोबरच होतं. नवऱ्याला आणखी थांबवताना या वेळी मराठीत बोललो. भेटीचा नियम मोडून सासूला पलंगाशी स्टूल दिलं. दुसऱ्या दिवशी मी सवयीनं चाकाकडे हात नेला, तर तिनं माझं मनगट धरलं. "बायला विचारा आदी." मी सिस्टरला विचारलं.

हळूहळू ताप उतरला. मशीन निघालं तेव्हा मुलीनं घोगऱ्या आवाजात सासूला हाक मारली, आणि ती बाई तोंडाला पदर लावून हमसून हमसून रडली. मलाही रडू आलं. त्यात आनंद होता, पण जास्त भीती होती. कारण ती पोर गेली असती, तर मी त्या दोघांना समोर बसवून सांगितलं असतं की जंतू फार चिवट होता, आणि ते मला स्वतःलाही खरं वाटलं असतं.