दोरीभाऊचा चार्जर

त्याचं खरं नाव धक्क्यावर कुणालाच आठवत नाही. सगळे त्याला दोरीभाऊ म्हणतात, कारण गडी मासेमारीला जातो स्वतःच्या इंजिनावर आणि परत येतो दुसऱ्याच्या दोरीवर! होडीत दिवसभर रेडिओ लावायचा, दिवे लावायचे, मासे दाखवणारं यंत्र चालू ठेवायचं, आणि घरी निघायची वेळ झाली की दोन्ही बॅटऱ्या ठार. मग मेहुण्याची मोठी बोट यायची, दोरी फेकली जायची, आणि मेहुणा सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचा, "काय दाजी, आज पण?"

हेही त्याने पचवलं असतं हो. पण एकदा हौसेने बायकोला फिरवायला नेलं आणि तिलाही तसंच ओढत आणलं, सगळं माहेर काठावर उभं असताना. उतरताना ती म्हणाली, "ही होडी स्वतःच्या जिवावर परत यायला लागली की मला बोलवा." तेव्हापासून तिने होडीत पाऊल टाकलं नाही. हे मात्र दोरीभाऊला फार लागलं. बायको समोर बसून बडबडत नसेल, तर त्या गळाकडे बघत बसण्यात मेली मजा ती काय!

शेवटी ठरलं, होडीतच कायमचा चार्जर बसवायचा. धक्क्यावर आलं की प्लग लावायचा, सकाळी बॅटऱ्या टुणटुणीत. दुकानात त्याने बघता बघता सगळ्यात चकचकीत डबा उचलला. बायको म्हणाली, "अहो, आपल्या बॅटऱ्या दोन. एक इंजिनाची, एक दिव्याबिव्यांची. याला तर एकाच बॅटरीची वायर दिसतेय. दुसरीने काय उपास करायचा?" दुकानदाराने मुकाट्याने दोन बॅटऱ्यांचा, पाण्याला न घाबरणारा चार्जर पुढे केला. "मी तेच म्हणणार होतो," दोरीभाऊ म्हणाला. तो नेहमीच तेच म्हणणार असतो.

मग बसवायचा कुठे, यावर घरात दोन जेवणं वाद रंगला. त्याला तो थेट बॅटऱ्यांच्या डोक्यावर हवा होता, जागा वाचते म्हणून. "तापेल तो," बायको म्हणाली, "त्याला जरा वारा लागू द्या." आमिषाच्या पेटीशेजारी म्हणाल, तर तिथे ओल. अखेर सुकाणूच्या चाकाखाली, पण तळापासून उंचावर, कोरड्यात जागा मिळाली. दोरीभाऊने स्वतः भोकं पाडली, स्क्रू पिळले, लाल वायर लालला, काळी काळीला जोडली, फ्यूजसुद्धा विसरला नाही. शाबास म्हणावं असं काम!

संध्याकाळी त्याने प्लग लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात अडकून तो निघू नये म्हणून लांबलचक जाड वायर आधी धक्क्यावरच्या खुंट्याला बांधली, मग होडीच्या कडीला. गाठ मारण्यात त्याचा हात धरणारं आजवर कुणी जन्माला आलेलं नाही.

सकाळी चार्जरचे दोन्ही हिरवे दिवे लागलेले, म्हणजे बॅटऱ्या भरलेल्या. बायको मुद्दाम बघायला आली होती, मेहुणाही होता, आणि ज्यांना काहीच काम नव्हतं ते सगळे होते. दोरीभाऊने बांधलेले दोर सोडले, किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू! त्याची छाती अशी फुगली, की होडी एका बाजूला कलते की काय असं वाटावं. ऐटीत एक हात वर करून त्याने होडी हळूच बाहेर काढली.

दहा-बारा हात गेली असेल. मग वायर ताणली, होडीला हिसका बसला आणि दोरीभाऊ धपकन आमिषाच्या पेटीत बसला. इंजिन गुरगुरतंय, पाणी घुसळतंय, आणि होडी जागच्या जागी. वायर तुटेना, गाठ सुटेना.

"काय दाजी," मेहुणा ओरडला, "आज निघतानाच?"

अख्खा धक्का पोट धरून हसला. दोरीभाऊने इंजिन बंद केलं. त्याला रडूच यायचं बाकी होतं. बायकोने आधी धक्क्यावरचं विजेचं बटण बंद केलं, प्लग काढला, खुंट्याची गाठ नखांनी सोडवली आणि वायर गुंडाळत गुंडाळत नवऱ्याला होडीसकट धक्क्याला आणलं. आता ती काय बोलणार, म्हणून त्याने मान खाली घातली.

होडी डुचमळली. बघतो तर ती समोर बसलेली, मांडीवर वायरचं वेटोळं घेऊन.

"अगं, पण अजून परत कुठे आलीय होडी स्वतःच्या जिवावर?"

"परत यायचं नंतर बघू," ती म्हणाली. "तुम्हाला तर निघायलाच माणूस लागतं. चला आता, आणि तो रेडिओ लावा."