फोनवर ठरायची नावं

द्राक्षबागांचे पंप आणि झडपा चालवायला आमच्या छोट्या कंपनीने स्वतःची प्रोग्रामिंग भाषा केली होती. ती आम्ही दोघीच सांभाळायचो: मी द्वारका चौकाजवळच्या माझ्या फ्लॅटमधून, दुसरी नांदगावहून, सासरच्या घरातून. भाषेत सगळी नावं एकाच ढिगात. एकीने एखाद्या कामाला 'ओपन' नाव दिलं की दुसरीला ते वापरता येत नसे. वापरलं तर पहिलं मुकाट्याने पुसलं जाई. म्हणून नियम होता, नवीन नाव देण्याआधी फोन करायचा.

"ताई, ओपन घेतलंय का?"

"घेतलंय. झडप उघडायला."

"मग मी काय उघडू?"

"कांद्याची चाळ उघड."

"ती सासूबाई उघडू देत नाहीत."

मी एकटी राहते. हे फोन सोडले तर काही दिवस माझा आवाज मलाही ऐकू येत नसे. तक्रार नाही, कामाला बरं पडायचं.

मग हवामानाचा अंदाज हवा म्हणून पायथन या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेतली लायब्ररी, म्हणजे आयता कोड, जोडायचं ठरलं. तिच्यातही ओपन होतं, फाइल उघडायचं. गॅलरीत चाचणीसाठी एक झडप बादलीवर बसवली होती. हुकूम दिला, तर झडप जागची हलली नाही. कॉम्प्युटर 'झडप' नावाची फाइल शोधत बसला. पायथनवाल्यांना फोन करून नावं थोडीच विचारता येतात. आणि जोडणी जमली नाही तर कंपनी आमची भाषाच बंद करणार होती. उपाय एकच, नेमस्पेस: ज्याचा त्याचा ढीग वेगळा, आणि प्रत्येक नावाआधी ढिगाचं नाव. झडपेचं ओपन वेगळं, पायथनचं वेगळं, नांदगावकरणीचं वेगळं.

हे झालं की एकमेकींना विचारायचं कारण उरणार नाही, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं. काम नीट केलं. अर्धवट केलेलं पुन्हा आपल्यालाच निस्तरावं लागतं.

झडप उघडली, बादली भरली, भाषा वाचली. नांदगावहून मेसेजवर अंगठा आला.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी नव्या कामाला 'स्टॉप' नाव देत होते. हात फोनकडे गेला. आता गरज नाही हे आठवेपर्यंत तिने उचललाही होता.

"ताई, काही बिघडलं का?"

"नाही."

"हॉर्न ऐकू येतायत. गॅलरीत आहात?"

"हो."

"मग, फोन?"

चुकून लागला म्हटलं आणि ठेवला.